अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची हद्द

आईच्या नोंदींवर सही करायला मामानं मला गावी बोलावलं, तेव्हा तिला जाऊन दोन महिने झाले होते.

"चार तासांचं काम हाये, ज्ञानू," तो फोनवर म्हणाला. "ये, सही कर, सुनावणी ऐक, जा. आक्काचं नाव नकाशावर लागणार हाये. लेक नसली तर कसं दिसंल?"

मी पुण्यात एका महाविद्यालयाची ग्रंथपाल आहे. मार्च महिना परीक्षांचा, रजा मिळणं अवघड. पण ग्रंथालयाच्या कपाटांपेक्षा तो नकाशा मला जास्त बघायचा होता. मी निघाले.

आमचं दरेखळ डोंगराच्या अलीकडे आणि बोरसूळ पलीकडे. मध्ये 'काळी धार' नावाची दगडाची लांबच लांब ओळ. दहाबारा फूट रुंद, माणसानं रचल्यासारखी सरळ. लहानपणी आम्ही तिच्यावरून पळायचो. अलीकडे दरेखळचं शिवार, पलीकडे बोरसूळचं. ही हद्द महसूल खात्यानं कधीतरी घोड्यावरून साखळी ओढत आखली होती आणि दीडशे वर्षं ती पुरली होती. मग भारदर्शी आलं आणि जमिनीवरच्या हद्दींचा जमिनीखाली काही संबंध नाही, हे सगळ्यांना दिसलं.

भारदर्शी म्हणजे जमिनीचं वजन करणारं यंत्र. त्याच्या पोकळीत अणूंचा एक पुंजका इतका थंड करतात, की त्यांची धडपड जवळजवळ थांबते. मग तो सोडून देतात आणि तो किती वेगानं पडतो ते लेझरनं मोजतात. खालच्या खडकाच्या भेगांत हवा असेल तर ओढ किंचित कमी, पाणी भरलेलं असेल तर किंचित जास्त. हा फरक इतका सूक्ष्म, की पूर्वी तो मोजायला तळघर आणि शांतता लागायची. यंत्र डब्याएवढं झालं, ड्रोनला लटकवता आलं, आणि शेतांवरून फिरून ते दर आठवड्याला सांगू लागलं: इथे एवढं पाणी आहे, गेल्या आठवड्यापेक्षा एवढं कमी.

पाणी दिसू लागल्यावर कायदा बदलायला सहा वर्षं लागली. आता ज्यांच्या पायाखाली एकच पाणी, त्यांचा एक पाणपट्टा. तालुका, जिल्हा कुठलाही असो. पट्ट्याची एक सभा, आणि उपसा किती करायचा, कुठलं पीक घ्यायचं, बोअर किती खोल पाडायची, हे त्या सभेनं ठरवायचं. सभेत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. दोन वर्षांत लोकांच्या तोंडी हे शब्द इतके बसले, की सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी पट्टा विचारू लागले. माझ्या मावसबहिणीच्या मुलीला आलेलं एक स्थळ 'पट्टा कोरडा' म्हणून परत गेलं होतं.

पण भारदर्शीची एक अडचण होती. पाणी किती आहे हे ते सांगायचं, ते कुणाच्या पाण्याला जोडलेलं आहे हे सांगत नव्हतं. आमच्याकडे तर ती अडचण मोठीच. काळी धार ही नुसती दगडांची ओळ नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीतल्या एका उभ्या भेगेतून वर आला आणि तिथेच थिजला, त्याची ती भिंत आहे. वर दिसते तिच्या कितीतरी पट खाली गेलेली. अशी भिंत अखंड असेल तर दोन्हीकडचं पाणी वेगळं. तडकलेली असेल तर पाणी तिच्यातून आरपार जातं. वरून बघून कळत नाही.

ते ठरवायचा जो प्रोग्रॅम होता त्याला सगळे 'रेषक' म्हणायचे. तो दोन्हीकडच्या विहिरींची जुनी पातळी मागायचा. समुद्रसपाटीपासून मोजलेल्या दोन पातळ्या वर्षानुवर्षं बरोबरीनं चढल्या-उतरल्या तर पाणी एक. त्यांच्यात कायमची पायरी असेल, म्हणजे एक पातळी दुसरीपेक्षा सदैव ठरावीक खाली असेल, तर मध्ये भिंत. यासाठी जुन्या नोंदी लागायच्या, आणि जुन्या नोंदी बहुतेक गावांकडे नव्हत्या. असल्या तरी एकाच बैठकीत, एकाच पेनानं भरलेल्या.

दरेखळकडे होत्या. जून २०१९ पासून दर महिन्याच्या एक तारखेच्या. माझ्या आईच्या.

माझी आई, कुशावर्ता. मी चार वर्षांची असताना वडील गेले आणि ती मला घेऊन माहेरी आली. मी अकरा वर्षांची असताना तालुक्याला जलसुरक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, ग्रामपंचायतीनं तिला पाठवलं, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. ती परत आली ती पोलादी टेप, खडूंची पेटी आणि रजिस्टर घेऊन. गावविहिरीच्या काठावर तिनं मला शिकवलं. टेपच्या टोकाला हातभर खडू फासायचा. टेप विहिरीत सोडायचा. काठाच्या दगडावर छिन्नीनं केलेली एक खूण होती, तिच्यावर टेपचा पूर्ण आकडा आणून धरायचा. वर ओढायचा. खडू जिथपर्यंत भिजला तो आकडा वजा करायचा. असं तीनदा. तिन्ही जुळले नाहीत तर चौथ्यांदा.

"पाणी हललं असंल," मी कंटाळून म्हणायचे.

"पाणी नाय हलत. तुझा हात हलतो," ती म्हणायची.

सव्वीस वर्षांत तिचा एक महिना चुकला नाही. डिसेंबरची नोंद तिनं घेतली. जानेवारीच्या एक तारखेला ती दवाखान्यात होती, एकोणीसला गेली. जानेवारीचा रकाना रिकामा आहे. फेब्रुवारीचाही.

त्या नोंदींवर गाव उभं राहिलं होतं. दर ऑक्टोबरला सभेत ती आकडा वाचायची आणि त्यावरून रब्बीचं ठरायचं. उन्हाळी पीक बंद, शेतीसाठी बोअर बंद, हे दरेखळनं कायद्याच्या कितीतरी आधी स्वतःहून ठरवलं होतं. पलीकडे बोरसूळला तीनशे बोअर, डाळिंबाच्या बागा आणि भर एप्रिलमध्ये हिरवागार ऊस.

रेषकानं आईच्या नोंदी बोरसूळच्या विहिरीतल्या सेन्सरच्या नोंदींशी लावून बघितल्या होत्या. दरेखळची पातळी बोरसूळपेक्षा कायम अठ्ठेचाळीस सेंटिमीटरनं खाली. उन्हाळा असो, पावसाळा असो. म्हणजे भिंत अखंड. हद्द काळ्या धारेवरून. दरेखळचा स्वतंत्र पट्टा, स्वतंत्र सभा. आणि ग्रामसभेनं एकमतानं ठराव केला होता, की पट्ट्याचं नाव 'कुशावर्ता'.

फक्त नोंदी ठेवणारी व्यक्ती हयात नसल्यानं वारसानं सही करायची होती. 'सदर नोंदी मी तपासल्या असून त्या बरोबर आहेत.'

*

सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. हद्द अधिकारी फरझाना इनामदार यांचा निरोप आला होता: मार्चची ताजी नोंद जोडता आली तर बरं.

"तुला येतंय की," मामा म्हणाला. मामा म्हणजे सुदाम शेळके, आईचा धाकटा भाऊ, तीन वेळचा सरपंच. "तूच घे. आक्कानं तुला शिकवलंच होतं."

दुपारी चारच्या सुमारास मी एकटीच टेप घेऊन विहिरीवर गेले. गाव सोडल्यापासून मी टेप हातात धरला नव्हता. पण हाताला आठवत होतं. खडू फासला. गुडघ्यावर बसले आणि न बघताच डाव्या हाताचं बोट काठाच्या आतल्या कडेवर नेलं. तिथे ती खूण असायची, बोटाच्या पेराएवढी खोबण.

नव्हती.

मी वाकून बघितलं. आतून विहिरीचा जुना काळा दगड खाली एका ओळीपर्यंत येऊन थांबला होता; त्याच ओळीत गिलाव्यानं अर्धी बुजलेली जुनी खूण दिसत होती. त्याच्या वर विटांचं नवं बांधकाम, गिलावा, आणि सगळ्यात वर गुळगुळीत ग्रॅनाइट. काठावर संगमरवरी पाटी होती: कै. भागुजी खंडू शेळके यांच्या स्मरणार्थ. माझे आजोबा. पाटीखाली तारीख, एप्रिल २०३३. पाटीच्या वरच्या कडेवर बरोबर मध्यभागी पोलादानं घासून घासून पडलेला एक चकाकता पट्टा होता. टेपचा.

मी टेप लावून जुन्या खुणेपासून पाटीच्या कडेपर्यंत मोजलं. तीनदा.

अठ्ठेचाळीस.

हिशेब कळायला ग्रंथपालाइतकंही शिकावं लागत नाही. सरकारी दप्तरी उंची नोंदलेली होती ती जुन्या खुणेची. आई मोजत होती नव्या काठापासून. काठ अठ्ठेचाळीस सेंटिमीटर वर गेला, म्हणून पाणी कागदावर अठ्ठेचाळीस सेंटिमीटर खाली गेलं. बोरसूळचा सेन्सर बसला तोही त्याच वर्षीच्या मे महिन्यात, त्यामुळे तुलनेत ती पायरी जणू जगाच्या आरंभापासूनची दिसत होती. पायरी नव्हतीच. भिंत तडकलेली होती. पाणी एकच होतं.

"घेतली का नोंद?" मामा मागून येऊन म्हणाला.

मी त्याला सांगितलं. शांतपणे, दोन्ही आकडे दाखवून. त्यानं वाकून पाटीवरची तारीख वाचली.

"मीच म्हनलं होतं तिला," तो म्हणाला. "दादांचं वर्षश्राद्ध होतं. काठ नुकताच झाला होता. ती टेप घेऊन आली आणि खूण शोधाया लागली. मी म्हनलं, आक्का, आता दादांच्या नावावरून मोज. तिनं पाटीवर हात फिरवला आणि टेप सोडला."

काठ बदलला तर वर कळवायचं असतं, हे प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं. आईच्या त्या वेळच्या वहीत ते तिच्याच अक्षरात होतं. ती विसरली. दर महिन्याला वडिलांच्या नावावर टेप धरताना बारा वर्षं आणि आठ महिने विसरली. तेव्हा मला ते समजलं नसतं. आता समजलं.

"म्हणजे आपली पातळी खाली नव्हतीच," मी म्हटलं.

"नव्हतीच." मामा एकाएकी हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "तुला ठावं हाये का, त्या अर्ध्या मीटरपायी तुझ्या आईनं आमचा जीव खाल्ला? दर ऑक्टोबरला उभी राहायची. 'एवढं करून बी आपण बोरसूळच्या खाली. कुठं गळतंय ते शोधा, अजून बांध घाला.' एक्केचाळीस बांध घातले आम्ही, ज्ञानू! एक्केचाळीस! माझी कंबर त्याच्यात गेली. आणि ते सगळं पाणी..."

त्यानं डोंगराच्या पलीकडे हात केला.

"डाळिंबाला," मी म्हटलं.

"डाळिंबाला."

मग तो माझ्यासमोर काठावर बसला आणि आवाज उतरवून बोलू लागला. मामा सभेत बोलतो तेव्हा मोठ्यानं बोलतो. खरं बोलायचं असेल तेव्हा हळू.

"हे बघ. एक पट्टा झाला तर बोरसूळच्या नऊ जागा, आपल्या चार. पहिल्याच सभेत ते आपली उन्हाळी बंदी मोडतील. तीनशेच्या सहाशे बोअर करतील. तुझ्या आईनं सव्वीस वर्षं जे उभं केलं ते एका दुपारी जाईल. तू सांगितलं नाय तर कुणाला कळणार हाये?"

"कुणालाच नाही."

"मग?"

"खाली सही माझी आहे, मामा. तपासल्या आणि बरोबर आहेत, असं लिहिलंय."

"पुण्यात बसून पुस्तकं लावणं येगळं." आता तो चिडला. "इथं आम्ही टँकरच्या मागं पळलोय. तुझ्या आईनं बी. आणि तिचं नाव नकाशावर लागायच्या दिवशी तू उठून सांगणार, की बाई चुकली? नाव तर जाईलच. वर जिल्हाभर होईल, की दरेखळच्या बाईनं बारा वर्षं चुकीचं मोजलं. तुला चालंल?"

मला चालणार नव्हतं. मी तसं म्हणालेही. पण जिथे तिचं नाव लागणार होतं ती रेघ तिच्या चुकीनं ओढलेली होती, आणि हे तिला कळलं असतं तर तिनं सगळ्यात आधी स्वतःचं नाव पुसलं असतं. हे मामाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणूनच तो चिडला होता.

"तुला करायचं ते कर," तो उठत म्हणाला. "माझ्याकडं जेवायला येऊ नको."

तासाभरानं मामीनं डबा पाठवला. भाकरी, शेंगदाण्याचं पिठलं, आणि कांदा फोडून.

*

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. डावीकडे दरेखळ, उजवीकडे बोरसूळ. बोरसूळवाले उगाच आल्यासारखे बसले होते. निकाल आपल्या विरोधात नाही, बाजूनंही नाही, असं त्यांचं मत. पहिल्या ओळीत जालिंदर गाडगे, त्यांचा सरपंच, चाळीस एकर डाळिंबाचा मालक. मामाचा शाळेपासूनचा वैरी आणि त्यामुळे एका अर्थी मित्र.

"काय शेळके," जालिंदर मोठ्यानं म्हणाला, "आजपास्नं आमच्याकडं यायला पासपोर्ट लागणार का?"

"तुला नाय देणार," मामा म्हणाला. माझ्याकडे त्यानं बघितलं नाही.

फरझाना इनामदार चाळिशीच्या, बारीक, घाईत नसलेल्या बाई होत्या. त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. वरची निळी, बोरसूळची. खालची नारिंगी, दरेखळची. दोन्ही बरोबरीनं चढत होत्या, उतरत होत्या, मधलं अंतर सुटत नव्हतं. "इतक्या सलग नोंदी मला राज्यात कुठे मिळाल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "नोंदी ठेवणाऱ्या कुशावर्ताबाई आज आपल्यात नाहीत. त्यांच्या कन्येनं सही करावी, अशी विनंती आहे."

दरेखळनं टाळ्या वाजवल्या. मी उठले.

"सही करण्याआधी एक दुरुस्ती आहे," मी म्हटलं.

मी फार बोलले नाही. काठ कधी वाढला, किती वाढला, आई कुठून मोजत होती, काय राहून गेलं. टेप बरोबर आणला होता. कुणाला तपासायचं असेल तर विहीर शाळेपासून दोन मिनिटांवर आहे, हेही सांगितलं.

पहिला बोलला जालिंदर. "म्हणजे बारा वर्षं बाई चुकत होती?"

उजवीकडे हशा झाला. डावीकडे कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

"हो," मी म्हटलं. "चुकत होती. दर महिन्याला अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. दर महिन्याला तेवढीच."

फरझानाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या कीबोर्डकडे वळल्या. मे २०३३ पासूनच्या दरेखळच्या प्रत्येक आकड्यात त्यांनी अठ्ठेचाळीस सेंटिमीटर मिळवले. पडद्यावरची नारिंगी रेघ वर सरकली आणि निळ्या रेघेवर जाऊन बसली.

बसली म्हणजे दिसेनाशी झाली. दोन रेघांची एकच रेघ झाली होती. फरझानाबाईंनी ती मोठी करून बघितली, अजून मोठी करून बघितली. कुठेकुठे नारिंगी कड केसाएवढी बाहेर डोकावत होती.

"एकशे बावन्न नोंदी," त्या हळू म्हणाल्या, जणू स्वतःशीच. "सगळ्यात मोठा फरक एक सेंटिमीटर. बोरसूळच्या सेन्सरची कंपनी हमी देते ती दोनची." त्या सभागृहाकडे वळल्या. "खडू आणि टेपनं हे केलंय त्यांनी. एकशे बावन्न वेळा. चूक एकच आहे आणि ती पहिल्या दिवशीची आहे. त्यानंतर हात हललेला नाही. अशी चूक वजा करता येते. वेडीवाकडी चूक असती तर मी या नोंदी फेकून दिल्या असत्या, आणि मग या दोन गावांचं पाणी एक आहे हे आपल्याला कधीच कळलं नसतं."

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी सरळ उभी होते. आयुष्यात कुठल्याही पदवीदान समारंभात मी इतकी सरळ उभी राहिले नसेन.

मग त्यांनी दुसरा एक आलेख लावला. दोन्ही गावांची मिळून एक पातळी, २०३३ पासून. बोरसूळचा उपसा वाढत गेला होता. ती रेघ खाली जायला हवी होती. ती वर गेली होती. दर दोनतीन वर्षांनी एक उडी, आणि प्रत्येक उडीशी बाईंनी एकेक तारीख लिहिली.

"या तारखांना काय झालं?" त्यांनी विचारलं.

मामा बसल्या जागेवरून म्हणाला, "बांध. आमचे."

त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. पण सगळ्यांना ऐकू गेला. जालिंदर वळून मामाकडे बघू लागला.

"किती?" त्यानं विचारलं.

"एक्केचाळीस."

"आणि आम्ही म्हणत होतो, आमच्या बोअरला देवाची कृपा हाये."

"देव काय करतोय," मामा म्हणाला. "माझी कंबर गेली त्याच्यात."

हशा झाला, या वेळी दोन्हीकडे, पण थोडाच. कारण पुढे काय येणार हे सगळ्यांना दिसत होतं. फरझानाबाईंनी काळ्या धारेवरची रेघ पुसली. एकच पट्टा, तेरा जागा, नऊ आणि चार. नाव नाही, नाव नवी सभा ठरवेल, तोपर्यंत क्रमांक. छापील मजकूर खोडून मी खाली लिहिलं, की मे २०३३ पासूनच्या नोंदींत अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची एकच चूक आहे, ती दुरुस्त केल्यास त्या सर्व बरोबर आहेत. सही केली. पूर्ण नाव लिहिलं.

"पट्ट्याच्या नोंदी कोण ठेवणार?" बाईंनी शेवटी विचारलं. "बोरसूळला सेन्सर आहे. तो एक पुरेल."

"नाय पुरणार," जालिंदर म्हणाला. तो उभा राहिला नाही, पाय पसरूनच बसला होता. "आमचा सेन्सर बारा वर्षांत एकदा बी म्हनला नाय, की माझं चुकलं. दरेखळचं माणूस ठेवा."

"तू सांगायचं आणि आम्ही ठेवायचं का?" मामा लगेच उसळला.

"मग नको ठेवू. मरू दे."

"ठेवतो," मामा म्हणाला. "मीच मोजतो."

बाहेर पडताना तो माझ्या शेजारून चालत होता. शाळेचं फाटक आलं.

"नाव गेलं," तो म्हणाला.

"गेलं."

"एकशे बावन्न," तो थोड्या वेळानं म्हणाला. आणि पुन्हा, डोकं हलवत, "एकशे बावन्न. एक सेंटिमीटर. जेवायला चल."

*

पट्ट्याची पहिली सभा ऑक्टोबरमध्ये बोरसूळच्या मंगल कार्यालयात भरली. मी रजा काढून गेले. मला तिथे मत नव्हतं. मागच्या खुर्चीवर बसले होते. एप्रिलपासूनच्या सात महिन्यांच्या सात नोंदी मामानं वाचून दाखवल्या. चष्मा लावून, एकेक आकडा दोनदा. मग त्यानं प्रस्ताव मांडला: दरेखळची उन्हाळी पिकांची बंदी आणि बोअरची बंदी सगळ्या पट्ट्याला लागू करावी.

बोरसूळच्या एका बागायतदारानं बोलून घेतलं, बरंच बोलून घेतलं. माणसं उपाशी मरतील, बँकेचं काय, पोरं गाव सोडतील. त्यातलं काही खरंही होतं. दुसऱ्या एका बाईंनी फक्त एवढंच विचारलं, की बांध घालायला माणसं लागणार असतील तर बोरसूळकडून कुणी का मागत नाही. इतकी वर्षं मामाला ते सुचलंच नव्हतं.

फरझानाबाई अध्यक्ष म्हणून आल्या होत्या. त्यांनी हात वर करायला सांगितलं आणि मोजायचं काम मामावर सोपवलं.

मामा उठला. दरेखळचे चार, त्यात त्याचा स्वतःचा. मग उजव्या बाजूला फिरला. बोरसूळच्या बायकांचे तीन. एका म्हाताऱ्याचा एक. आणखी दोन, थोडे मागेपुढे होत वर गेलेले. जालिंदरचे दोन्ही हात मांडीवर होते.

"दहा," मामा म्हणाला. तेरात दहा. त्यानं आकडा वहीत लिहिला. "दहा. मंजूर."

"पुन्हा मोज," जालिंदर म्हणाला.

"का? दहा हायेत."

"तुमच्या घराण्यात चुकायची रीत हाये. पुन्हा मोज."

सभेत हसू उसळलं. मी हसले नाही, पण मला रागही आला नाही. मामा लाल झाला. त्यानं पहिल्या खुर्चीपासून बोट दाखवत पुन्हा मोजायला सुरुवात केली. या वेळी मोठ्यानं, एकेका हातापुढे थांबून.

दुसऱ्यांदा मोजले तेव्हा जालिंदरच्या मांडीवर एकच हात होता. अकरा भरले.